हजेरीपट

पागनीस सरांनी दिलेलं रजिस्टर
सातवी 'ब'चं आहे.
शाळा बंद झाली तेव्हा कपाटात सापडलं, कोरं,
फक्त पहिल्या पानावर पेन्सिलीत
कुणा यज्ञेशचं नाव, अर्धं खोडलेलं.
त्याच्याखाली आम्ही लिहिलं : टिबुकली.
मग हळदीकुंकू, थापट्या, शेकाट्या, चांदवा,
असे बसत गेले रोल नंबर.

रविवारी पावणेसातला
धार रोडवरून आत, वीटभट्टीमागून
आम्ही तळ्यावर पोचतो.
आम्ही म्हणजे सहाजण, कधी चार,
लग्नसराईत मी एकटी.
दुर्बिणी दोन. एकीचा डावा डोळा धुरकट.
इरफान पुसून देतो आणि म्हणतो,
ताई, हिला आता मोतीबिंदूच झालाय.

जानेवारीच्या मोजणीला धुकं इतकं
की बदकं आधी ऐकू येतात.
माझे चांदवे दोनशे बारा,
वैदेहीचे दोनशे एकोणीस.
भांडण राजवाड्यापर्यंत पुरलं.
सर फोनवर म्हणाले, बुडालेले धरलेस का?
नव्हते धरले.
गेंदालाल केवट हसला,
'गिणवा से कंई होय, बाईजी?'
पण पुढच्या खेपेला नाव थांबवली त्याने,
वल्हं पाण्याबाहेर धरलं
थेंब गळायचे थांबेपर्यंत.

अनंत चतुर्दशी उलटली की दुसरं काम.
गुडघाभर चिखलात उतरून
सुतळ्या, तारा, कामट्या, प्लॅस्टिकच्या माळा.
एकदा सोंड हाताला लागली.
वैदेहीने ती धुतली, मगच पोत्यात ठेवली.
एकदा तारेच्या वेढ्यात
ढोकरीचा पाय होता. नुसता पाय.
तो कुठल्या रकान्यात लिहायचा
हे सातवी 'ब'च्या रजिस्टरला ठाऊक नाही.

यंदा काठावर बोर्ड लागलाय : सौंदर्यीकरण.
फरसबंद वाट, बदामाच्या आकाराची कमान,
खांबाखांबावर भोंगे, अकरापर्यंत निळे दिवे.
पानकणीस 'जंगली गवत' ठरलंय,
म्हणजे कापायचं,
म्हणजे जांभळ्या पाणकोंबड्यांनी
अंडी कुठे घालायची ते त्यांनी बघावं.

आम्ही निवेदन घेऊन गेलो.
साहेब सज्जन. चहा मागवला.
पक्षी हवेत ना? बसवू की, म्हणाले,
सिमेंटचे, रंगीत, कारंज्याच्या कडेने.
चौदा पुरतील?
वैदेहीला हसू आलं. मला नाही.
मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं.
त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं,
आणि सवयीने
खाली सही करायला पेन उघडलं.

सारस दोन असायचे.
पैलतीरी, गव्हाच्या शेताला लागून,
रोल नंबर एकतीस आणि बत्तीस.
त्यांची कधी मोजणी केली नाही,
नुसतं बघायचं आणि दोन टिंबं.
शेतावरून नवी हायटेन्शन लाइन गेली दिवाळीत.
आता एक आहे.
नर की मादी, हे जोडीने ओरडल्याशिवाय
माझ्यासारखीला सांगता येत नाही,
आणि जोडी नाही.
मग गैरहजर कुणाला मांडू,
एकतीसला की बत्तीसला?

सरांना फोन केला.
गुडघ्यांमुळे ते आता येत नाहीत.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, रकाना कोरा ठेव.
मुलांनाही मी महिनाभर ठेवायचो तसंच.
गावाला गेलं असेल, काय सांगावं.
आणि लगेच, दुसऱ्याच आवाजात,
चांदवे किती झाले गं?

थंडीने पेन उठत नव्हतं.
मी ते तळहातांत चोळत बसले.
पलीकडे तो, किंवा ती,
चिखलात एक पाय टाकी, थांबे,
मान वळवून मागे बघे,
मग दुसरा टाकी.
गेंदालालने आज नाव सोडलीच नाही.
मी रजिस्टर मिटलं,
पण त्या पानात बोट तसंच ठेवून.