टोईचं तेल

गट नंबर एकशे बारा आणि एकशे तेरा,
मध्ये दीड हाताचा धुरा.
दोघे भाऊ कोर्टाची पायरी झिजवून आलेले,
आणि मी, भूमी अभिलेखचा मोजणीदार,
निवृत्तीला चार महिने,
तिवई खांद्यावर घेऊन
पक्का दगड शोधत टेकडी चढतो.

जुन्या नकाशात एक ठिपका आहे, ठिपक्याभोवती वर्तुळ.
वर तेच सापडतं:
काळ्या खडकात कोरलेलं वर्तुळ,
मधोमध छिद्र,
छिद्रात वात.

शेंदूर नाही, नारळ नाही.
नुसतं तेल, मुरून मुरून दगडाचंच झालेलं.
बोट लावलं, बोट काळं.

“दिवेवाल्याचा हाय थो,”
बकऱ्यांमागून आलेली पैकूबाई आत्राम म्हणते.
“तुमच्याच खात्यातला व्हता.”

मग बसते. चुन्याची डबी उघडते.

साहेबलोक धरती मोजून राह्यले होते.
एक टेकडी ही, दुसरी पैनगंगेपल्याड,
दिवसा धुरकट, दिसायची नाही.
म्हणून रात्री इकडून दिवा, तिकडून दुर्बीण.
दिवा धरायला ठेवला झिंगरू टेकाम.
हुकूम एवढाच:
सांगेस्तोवर इझू द्यायचा नाही.

तिसऱ्या रात्री पलीकडून दिसला असावा.
कोन लिहिला गेला. तंबू उठले.
पालखी, साखळ्या, पेटीतलं पितळी यंत्र,
सगळं उत्तरेकडं निघून गेलं.
इकडे सांगायला कुणी आलं नाही.

सरकारी तेल अकराव्या दिवशी सरलं.
झिंगरू खाली उतरला,
रिकामी बुधली घेऊन दारोदार उभा राहिला.
लोकांनी मोहाच्या टोईचं तेल दिलं.
दुसऱ्या खेपेला विचारलं, कायले पाह्यजे?
“पल्याड कोनी पाहून राह्यलं,” तो म्हणाला,
“अंधार दिसला तं त्याचं गणित चुकन.”

पोळा गेला, दसरा गेला.
थंडीत टोईचं तेल गोठतं,
तो बुधली काखेत धरून वितळवायचा.
बायको भाकर घेऊन चढायची.
ताप आला त्याला, तेव्हा सात रात्री
तिनंच दिवा धरला.

तिचं नाव?
“बायाइचं नाव कोन ठेवते, बाप्पा,”
पैकूबाई म्हणते, आणि बाजूला थुंकते.

तो मेला कधी, तेही तिला ठाऊक नाही.
तेल ठाऊक आहे: घरामागं एक पळी.
पाळी असते. आज तिची आहे.

जिल्ह्याच्या रेकॉर्डखोलीत, उधईनं अर्ध्या खाल्लेल्या
एका गठ्ठ्यात मी पूर्वी वाचलं होतं:
दिवेवाले सात. तेल दीड मण.
नाव एकाचंही नाही.
खाली निराळ्या शाईत:
एक कामावरून परत आला नाही, पगार कापला.
तो हाच, असं मी म्हणत नाही.
पुरावा नसताना म्हणायची सवय
आमच्या खात्यात नाही.

तिवई लावली. ओळंबा सोडला,
तो बरोब्बर वातीवर आला.
पैकूबाईनं दोन बोटांनी वात उचलली,
माझं काम होईस्तोवर तळहातावर धरून बसली,
लेकराचा पडलेला दात धरावा तशी,
आणि पुन्हा जागेवर ठेवली.

धुरा नऊ इंच थोरल्याकडे सरकला.
दोघंही नाराज, म्हणजे मोजणी बरोबर.
नकाशावर माझ्या अंगठ्याचा तेलकट डाग पडला;
साहेब म्हणतील, दुसरी प्रत काढा.

साडेसहाची एस.टी. सातला आली.
घाटाच्या वळणावर मागं पाहिलं तर
टेकडीच्या माथ्यावर एवढासा उजेड,
हलत होता, पण होता.
सवयीनं कोन अजमावला,
तिकिटाच्या मागं लिहिला.

शेजारी कुणीतरी विचारलं, काय पाहता हो भाऊ?
काही नाही, म्हटलं.
दिसला, असं
अजून कुणालाच सांगितलेलं नाही.