सरळ रेषेत

सोळा एप्रिल. पहाटेपासून
फोन टेबलावर उलटा घालून बसलो होतो.
ईमेल आठनंतर येणार, हे ठाऊक होतं.
तरी माणूस बसतो.
फॅक्टरीतून परतलेलो, नखांत हॅडॉकचा वास,
वर ईडी झोपलेली, चार वर्षांची,
आवडता बूट एकाच पायात.

अर्जात तीन शाळा भरायच्या होत्या.
पहिली, रुळांपलीकडची, लाल विटांची,
जिची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते.
बाकीच्या दोन भरल्या
पत्रिकेत शेवटी ‘समस्त आप्तेष्ट’ लिहितात, तशा.

आली तिसरी.
दोन बस आणि एक पूल.

काउन्सिलमधल्या मिस हॅविल फोनवर सांगत राहिल्या,
आवाजात राग नाही, दया नाही,
तिकिटाचे सुटे परत द्यावेत तसं:
जागा साठ.
आधी सरकारी देखरेखीतली मुलं,
मग ज्यांची भावंडं तिथेच शिकतात ती,
मग अंतर. तुमच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत,
सरळ रेषेत.

मी नकाशावर पट्टी ठेवून ती रेषा ओढली.
मिसेस ब्लँचर्डच्या रुबार्बमधून,
मालगाडीच्या दोन रुळांवरून,
बंद पडलेल्या बर्फ कारखान्याच्या भिंतीतून आरपार.
या वाटेने शाळेत फक्त
सीगल जाऊ शकतो.

शेवटची जागा गेली ०.४१२ मैलावर.
आम्ही ०.४१९.
गुणाकार केला: अकरा मीटर.
आमच्या रांगेतली अडीच घरं.

यादीत मी चौथा.
चौथा म्हणजे वाईट नाही, सगळे म्हणाले.
लोक गावं सोडतात, नोकऱ्या जातात, संसार मोडतात,
जागा सुटते.
मी असल्या गोष्टींची वाट पाहू लागलो.
हे कुणाला सांगितलं नाही.

मे महिन्यात शेजारी नवं बिऱ्हाड आलं. योलांता,
आणि तिचा टीमेक, ईडीच्याच वयाचा,
हातात प्लास्टिकचा खेकडा.
सोफा दारातून जाईना.
दुसरं टोक मी धरलं,
चौकटीचा रंग खरवडला, दोघं हसलो,
तिने लोणच्याची काकडी दिली, बरणीसकट.

सोमवारी फोन केला. मी पाचवा.

‘यादी खालीही सरकते,’ मिस हॅविल म्हणाल्या,
‘तुमच्याहून जवळचं कुणी आलं तर.’
किती दिवस थांबलात, ते मोजत नाहीत.
प्रतीक्षा जुनी झाली म्हणून
तिला भाव येत नाही.
जवळचं म्हणजे कोण, ते त्या सांगत नाहीत.
सांगायला नकोच होतं.
बरणी ओट्यावर होती.

जूनमध्ये चौथा. ऑगस्टमध्ये दुसरा.
सप्टेंबरात ईडी दोन बस बदलून जाऊ लागली.
तिच्या खुंटीवर गोगलगायीचं चित्र आहे.
पुलावर ती रोज श्वास रोखते,
का, ते विचारायचं नाही असं ठरलंय.

अकरा तारखेला रात्रपाळी करून पडलो होतो.
सामाईक भिंतीपलीकडे फोन वाजला.
मग काहीच नाही.
मग योलांता तिच्या भाषेत ओरडली,
आणि कपात चमचा फिरत राहिला, फिरत राहिला.
ती दार ठोठावायला आली
तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेतलं.
संध्याकाळी गेलो. टीमेकला नवं दप्तर लागणार होतं.
ईडीचं जुनं, पट्टा शिवलेलं, देऊन आलो.

आता मी पहिला.

घंटा वाजते तेव्हा दुपारची झोप मोडते.
भिंतीपलीकडून बूट दाणदाण जिना उतरतात.
एकतीस डिसेंबरला यादी बंद होते,
नाव पुढे ठेवायचं असेल तर लेखी कळवा,
असं पत्र आलंय. फ्रिजवर लावलंय,
ईडीने त्याच्या पाठीवर
गोगलगाय काढली आहे,
मागे लांबच लांब, वाकडीतिकडी रेघ.

मी अजून कळवलेलं नाही.