वीतभर

तळघरात मला एक टेबल दिलंय, हीटरच्या अगदी कडेला.
व्हिटबीत जूनमध्येही समुद्र खिडकीच्या फटीतून हात आत घालतो.
अकरा पेट्या आल्यात कुणाच्या तरी माळ्यावरून.
उघडायच्या, पुसायच्या, वहीत मांडायच्या.

सातवीत दगडांबरोबर पत्रं.
सगळी एकाच हाताची: लाविनिया पोड, इल्मिन्स्टर, सॉमरसेट.
ज्याला लिहिली तो एझ्रा थ्रेलफॉल,
केटलनेसच्या कड्यावर तुरटीसाठी खडक फोडणारा.
त्याची पत्रं तिकडे असतील, नाहीतर चुलीत गेली.
मी तिच्या उत्तरांवरून त्याचे प्रश्न लावत बसते.

‘रंगावर जाऊ नका,’ ती लिहिते,
‘तुमचा खडक काळा, माझा लोण्यासारखा पिवळट.
रंग काय, चिखलाचा असतो.
शंखाची कूस बघा.
मधोमध पन्हळ आहे का? बरगड्या विळ्यासारख्या वळतात का?’
पुढच्या पत्रात नुसतंच: ‘आहे! आहे!’
म्हणजे त्यानं धाडला असणार,
रेल्वेनं, भुशात गुंडाळून.

एकदा रागावलीय:
‘हा दोरखंडासारखा कुठून काढलात?
पायथ्याशी पडलेला उचललात ना?
पडलेल्या दगडाला घर नसतं, मिस्टर थ्रेलफॉल.
कड्यात रुतलेला आणा,
आणि किती फुटांवर, ते लिहा.’

माझ्या मावशीकडे शाळिग्राम होता, तुळशीच्या पानाखाली थंडगार.
इथला शंख पहिल्यांदा तळहातावर घेतला
तेव्हा अंगठा आपोआप त्याच वळणानं फिरला.
मग तिच्याकडून फोटो मागवला, भिंग लावलं.
बरगड्या जुळेनात.
तो कितीतरी नंतरचा, दुसऱ्याच समुद्रातला.
सारखा दिसतो म्हणून सोबतचा नव्हे.
मावशीला मी हे कळवलेलं नाही.

शेवटचं पुडकं कुणी सोडलंच नव्हतं.
सुतळी, लाख, आणि वर स्टेशनातल्या कुणाच्या तरी अक्षरात:
‘कडा ढासळला. घेणारा नाही.’
नोव्हेंबर १८७०.
तरी परत का गेलं नाही, कोण जाणे.

कात्री होती. मी गाठी सोडवल्या.
वीस मिनिटं लागली.
आत भुसा, भुशात शंख, पन्हळीत पिवळी माती,
आणि एवढंच:

‘मोजून पाहिलं.
हा शंख जिथे उगवतो आणि जिथे मावळतो
त्या दोन रेघांमध्ये तुमच्याकडे ऐंशी फूट,
माझ्या खाणीत वीतभर.
काळ तोच.
माझ्याकडे चिखल आलाच नसावा,
किंवा आला, आणि पाण्यानं नेला.
तुमच्या ऐंशी फुटांत काय काय मावलं
ते सवडीनं लिहा.’

वहीत रकाने आहेत: ठिकाण, थर, काळ.
ठिकाणं दोन. थर एक काळा, एक पिवळा.
काळाच्या रकान्यात, त्याच्या ओळीखाली,
तिच्यासाठी मी ‘सदरप्रमाणे’ लिहिलं.

सुतळीला रकाना नव्हता.
ती हीटरवर पडलीय,
गाठी सुटल्या तरी वळसे तसेच.