बियाचं वांगं

चोरीचं बी जोमानं येतं, असं आमच्याकडं म्हणतात.
कोण म्हणतं ते विचारू नका,
चोरच म्हणत असणार.

मी कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो, एकवीस गळीत हंगाम.
भरली गाडी, रिकामी गाडी,
मधली वजाबाकी म्हणजे ऊस.
कुणाचा पाच किलोचा फरक खपवून घेतला नाही.
आणि तसल्याच एका फाल्गुनात
दुसरी पाळी संपवून अंकलखोपला येताना
जैतूनबी मुलाणीच्या मळीपाशी लूना उभी केली
आणि कुंपणातनं हात घातला.

वांगं पिवळं पडलेलं, टणक,
देठाचे काटे शाबूत,
काट्यांच्या वर चिंधीची गाठ.
तिचा अर्थ नदीकाठचं शेंबडं पोरही सांगेल:
हे बियाला ठेवलंय, याला विळी लावायची नाही.
मला तेच पाहिजे होतं.

एका बारशात खाल्लं होतं तिच्या मळीतलं वांगं,
भरलेलं, देठासकट.
तेव्हापासून बाजारातली वांगी
ओळख नसल्यासारखी तोंड फिरवून बसायची.
मागितलं असतं तर दिलं असतं तिनं.
पण काट्यावरच्या माणसाला
मागायची सवय राहत नाही.

आठ दिवस खुंटीला टांगलं.
मग बादलीत कुस्करलं, बोटं काळी झाली.
तरंगलं ते ओतून दिलं, बुडालं ते ठेवलं.
(पुढं महापुरात हाच हिशेब
उलटा होणार होता.)
सावलीत, जुन्या पेपरावर, चार दिवस.
मग राखेत घोळून बरणीत.
बायको म्हणाली, ती चिंधी तरी टाका.
मी ती बरणीच्या गळ्याला बांधली:
निळी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची.

दर वर्षी परसात चार झाडं,
त्यातलं एक वांगं बियाला.
कुठनं आणलं म्हणलं की
पाव्हण्यांकडनं.
एवढ्या वेळा सांगितलं
की ते पाव्हणे मला दिसायला लागले,
पटका बांधलेले, जरा उंच.

मग त्या श्रावणात नदी आली.
आमची आळी चढावर, उंबऱ्याला शिवून गेली.
जैतूनबीच्या घरात मात्र
आढ्याला टांगलेल्या गाडग्यांपर्यंत पाणी.
दोडका, कारलं, घेवडा, वांगं,
सगळं बी
खालच्या गावांना वाटत गेली नदी.

त्या वर्षी तिनं दुकानातली पुडी आणून लावली.
एका मापाची वांगी, चकचकीत,
एकालाही काटा नाही.
आठवड्याच्या बाजारात ती त्यांच्यामागं अशी बसलेली
जशी कुणाची पोरं
थोडा वेळ सांभाळायला घेतलीत.

पुढच्या भादव्यात मी गेलो.
कागदात मूठभर बी, वजन न करता.
म्हणलं, पाव्हण्यांकडनं आलंय, बघा लावून.
तिनं तळहातावर घेतलं, फुंकर मारली,
राख उडाली.
एक दाणा दाताखाली धरला.
बोलली काहीच नाही. चहा दिला.

माघात निरोप आला, येऊन जा.
वाफ्यात जांभळ्यावर पांढरे पट्टे
आणि देठाला काटे,
माझ्या बोटाला लागलेला पहिला काटा
मला त्यातल्या प्रत्येकात दिसला.
म्हणलं, जैतूनबी, एक सांगायचं होतं.
ती वाकून तण काढत होती, वर न बघता म्हणाली,
"तुमच्या लूनाचा आवाज
अख्ख्या मळीला ठावं हुता वो, काटेवाले.
बी ऱ्हाऊ द्या.
माझी चिंधी तेवढी आणा.
आमच्या शमाच्या पयल्या झबल्याची हाय ती."

शमा आता मिरजेला दवाखान्यात नर्स आहे,
तिचीच पोरगी दहावीला.

दुसऱ्या दिवशी गाठ सोडायला बसलो.
नखांनी सुटेना, दातांनी सोडवली.
ठिपके निघून गेलेत, निळं थोडं राहिलंय.
धुवावी का तशीच द्यावी
यावर घरात थोडी वादावादी झाली.

आता बरणीचा गळा मोकळा आहे.
घरात कापड शोधतोय,
आपलं स्वतःचं,
बोटभर रुंद.