संमतीपत्राचं तिसरं पान

धंतोलीत, दुसऱ्या माळ्यावर,
माझं काम वाचायचं आहे.
डॉक्टरबाई हात धुतात, मी वाचते,
मराठीतून, सावकाश, ओळीखाली बोट ठेवून,
कुणी सही करायच्या आधी.

मे महिना. पारा सेहेचाळीसला टेकलेला.
मयूरी नंदनवार गोळीबार चौकातून स्कूटीवर आली
तेव्हा तोंडाला स्कार्फ करकचून, वर गॉगल, हातात पांढरे मोजे.
या शहरात एप्रिल ते जून
कुणालाच नाक नसतं.

तिनं गाठ सोडली, पिना दातात धरल्या
आणि चोरीचा माल काढावा तसं हळूच दाखवलं.
थोडं बसकं, एवढंच.
तिला मात्र त्यात सतराशे विघ्नं दिसत होती,
आत्यानं लहानपणीच मोजून दिलेली.

फोनमध्ये दुसरं नाक होतं.
तीही तीच, पण कुणीतरी बोटानं ओढून
चाफ्याची कळी केलेली.
"असं पाहिजे. लग्न अठ्ठावीस जूनला आहे."

बाईंनी फोन पालथा ठेवला.
गार स्टीलची पट्टी तिच्या नाकपुड्यांखाली धरली.
"सोड श्वास."
पट्टीवर दोन ढग उमटले,
उजवा रुपयाएवढा,
डावा तिळाएवढा.
"तोंड उघडं ठेवून झोपतेस?"
"हो. तुम्हाला कोणी सांगितलं?"
"आधी हे दार बघू," बाई म्हणाल्या.
"नुसती चौकट बारीक केली
तर उघडं आहे तेही मिटेल."

मग मी तिसरं पान काढलं.
सूज पुरती उतरायला वर्ष, कधी जास्त.
शेंडा काही महिने बधिर, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
रक्तस्राव. जंतुसंसर्ग.
भूल, आणि ती देणार कोण हे विचारायचा तुमचा हक्क.
काहींना पुन्हा टेबलावर यावं लागतं.
आणि कधी सगळं बरोबर होऊनही
आरशातल्या बाईशी ओळख पटत नाही.
(ही ओळ छापलेली नाही. ही मी वाचते.)

"मॅडम, काऊन भेव दाखवून राहिल्या?"

भेव नाही, पोरी.
मागच्या साली बुटीबोरीचा एक मुलगा होता.
खर्रा? विचारलं. नाही म्हणाला.
आई शेजारीच बसली होती.
त्याच्या खिशात पन्नी कुरकुरली, ती मी ऐकली,
आणि रकान्यात 'नाही' लिहिलं.
आठव्या दिवशी पट्टी निघाली.
शेंड्याची कातडी आधी जांभळी, मग काळी.
तंबाखूनं रक्ताच्या बारीक वाटा आवळून टाकलेल्या.
कागदावर चूक कुणाचीच नव्हती.
तेव्हापासून मी तीनदा विचारते.
तिसऱ्यांदा, आईला बाहेर पाठवून.

मयूरीची आई उठून कूलरजवळ गेली.
"खर्रा नाही," ती कुजबुजली,
"पण वजन उतरायच्या गोळ्या आहेत.
ऑनलाइन मागवते. नाव इंग्रजीत आहे."

बाईंनी डबी बघायला मागितली,
आणि सांगितलं, जूनमध्ये मी हात लावणार नाही.
कूलरच्या घरघरीतून आई म्हणाली,
"तिकडचे लोक नाक मुरडतील ना!"
"मुरडू द्या. त्यांचं त्यांना दुखत नाही."

स्कार्फ पुन्हा चढला. सही झाली नाही.
पान घडी होऊन डिक्कीत गेलं.

नोव्हेंबरात ती आली, तोंड उघडं.
हातात तेच पान, पेट्रोलचा वास लागलेलं,
समासात पेन्सिलीनं सोळा प्रश्न.
रात्री दोनला रक्त आलं तर फोन कोण उचलेल, हा पहिला.
लग्नाचं मी विचारलं नाही.
शेवटचा प्रश्न खोडलेला होता, तरी वाचता येत होता:
फक्त श्वासापुरतंच केलं तर?

मी खुर्ची पुढे ओढली.
तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली.