पडीक, वर्ग सहा

सोमवारी भूशास्त्र. लोमटे सर खडूनं
बसाल्टचे थर काढतात, फळा संपेपर्यंत खाली.
मंगळवारी अर्थशास्त्र, बुधवारी कायदा,
गुरुवारी माती: चोपणावर आम्ल टाकलं की फसफसते.
घरून फोन येतो, शिकतीस तरी काय गं?
सगळंच थोडं थोडं, मी म्हणते.
"म्हंजी तलाठी हुतीस का?"

शुक्रवारी उपग्रहाचं चित्र उघडलं.
केज तालुका. मांजरेचा काठ धरून सरकत गेले,
ओढा, पाझर तलाव, शाळेचे पत्रे,
आणि आमचं गायरान.
तपकिरी.
कडेची पट्टी सांगत होती: पडीक, वर्ग सहा.

चित्र मे महिन्यातलं.
मेमध्ये चतुरामावशी तिथं दगड वेचते.
तीस वर्षं वेचून रचलेला बांध
एका ठिपक्यातही भरत नाही.
पुढं तूर येते, कडेनं अंबाडी,
सातबाऱ्यावर मात्र बाराही महिने सरकार.

सबाहत मॅडम खुर्चीमागं येऊन थांबल्या.
चूक कोणत्या विषयाची, सांग.
मी पेरांवर मोजू लागले:
चित्राची, तारखेची, कायद्याची...
चौथ्या पेरावर आमचं आडनाव आलं.
ते मी मुठीत धरलं.
"मोजून ये मग," एवढंच म्हणाल्या.

शनिवारची एसटी. मांडीवर जीपीएस, टेप,
नमुन्याच्या पिशव्या, प्रत्येकी अर्धा किलो.
मावशीनं एक भरलेली पिशवी हातावर तोलली.
"एवढ्यात काय कळतंय त्यास्नी?"
आणि वरून अजून एक मूठ घातली.