अंदाजे

दोन मिनिटांत सांगायचं असतं:
भुसावळात रोज भरताची किती वांगी भाजली जातात?
लोकसंख्या, घरं, आठवड्यातून एकदा, घरटी दोन,
कागदावर फांद्या काढत
मी मोठ्यानं बोलत जाते.
समोर फेगडेकाका, पार्सल ऑफिसातून निवृत्त,
मोबाइलचं घड्याळ लावून बसलेले.

"तेरा हजार," मी म्हणते. "अंदाजे."
काका विचारतात, "हिवाळ्यात का उन्हाळ्यात?
आन् बामणोदची वांगी धरली का गं त्यात?"

पाच वर्षं एका प्रथिनाची घडी
कुठे मोडते ते शोधत होते.
तिसऱ्या दशांशावर आकडे जुळेनात,
तर गाईडनं सहा महिने
तोच प्रयोग पुन्हा करायला लावला.
आता 'साधारण' म्हणताना
जीभ अजून एकदा मागे वळून बघते.

काल काकांनी यादीतला पुढचा प्रश्न वाचला,
पार्सलवरचा पत्ता वाचावा तसा, सावकाश:
"विज्ञान का सोडता आहात?"
घड्याळ सुरू.

उत्तर पाठ होतं. तीन मुद्दे.
यार्डात मालगाडीला डबे जोडत होते,
एक धक्का, मग पुढचा,
मग लांब कुठेतरी शेवटचा.
मी पहिला मुद्दा उघडला
तर आत उणे ऐंशीचा फ्रीजर,
माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या
तीनशे बारा कुप्या.
तीनशे बारा. अंदाजे नव्हे.

काकांनी घड्याळ थांबवलं नाही,
पालथं ठेवलं फक्त.
"याचं उत्तर माह्याकडे नाही," म्हणाले.
"ते वांग्याचं पुन्हा घे.
या खेपी कळण्याची भाकर बी धर."